माझ्या पाहण्यात नाही

इंगळे सर गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं दिली. जळगाव जामोदहून नांदुऱ्याला येणारी सकाळची गाडी आमच्या शाळेवरून जाते, पण थांबत नाही. त्या दिवशी थांबली. मी सातवीच्या पोरांकडून माठाचं चित्र काढून घेत होतो. निम्म्या वर्गाचे माठ एका अंगाला कलंडलेले होते आणि मी नेहमीप्रमाणे ओरडत होतो. कंडक्टर खिडकीशी येऊन उभा राहिला. तो इंगळे सरांचा जुना विद्यार्थी, मला ओळखायचा. "सर, आमचे इंगळे सर गेले. पहाटंच. कावीळ झाली होती, अंगावर काढली म्हंतात. बाईनं सांगतलं, नांदुऱ्याच्या चित्रकलेच्या सरायले पह्यले निरोप द्या." एवढं बोलून तो पळतच गाडीकडे गेला, कारण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो... आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण किसन इंगळेबद्दल लिहायचंच असेल तर इथूनच लिहायला हवं. माझी एक गोष्ट त्याला ठाऊक होती. आता तो ती कोणाला सांगणार नव्हता. रडू आलं ते दुपारी, डबा उघडल्यावर.

आम्ही दोघं एकाच गावचे. धाड या बाजाराच्या गावापासून दोन कोसांवर आमचं गाव. गावात आमची मैत्री नव्हती, असूच शकत नव्हती. तो वस्तीतला, मी बाजारपेठेतला. बाजारपेठ कसली, एकच किराणा दुकान होतं, ते आमचं. प्राथमिक शाळेत मी आत बसायचो, तो व्हरांड्यात बसायचा आणि खिडकीतून मास्तरांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायचा. ती बहुतेक बरोबर असायची, त्याचा मला राग यायचा. पुढे त्याच्या घरच्यांनी दीक्षा घेतली, तो शिकत गेला, बी.ए., बी.टी. झाला. मी अभ्यासात बेताचाच. चित्रकलेची परीक्षा दिली आणि ड्रॉइंग मास्तर झालो. नशिबाचा खेळ असा की एकाच जूनमध्ये नांदुऱ्याच्या एकाच हायस्कुलात आम्ही दोघं रुजू झालो. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम वर्ष-दोन वर्षं झाली असतील. रेल्वे लाइनीजवळ एक खोली मिळाली, तिचं भाडं एकट्याला परवडत नव्हतं. त्यानंच विचारलं, "राह्यतं का बे माह्यासंगं?" मी राहिलो. घरी मात्र आबांना, म्हणजे वडिलांना, लिहिलं की सोबतीला सातपुड्याकडचे एक मास्तर आहेत. ते पत्र टपालात टाकायला किसनच गेला होता. पोस्टकार्ड होतं, त्यामुळे त्यानं वाचलंही असेल. बोलला काहीच नाही.

उंच, हडकुळा, शर्टाची कॉलर नेहमी कडक. निखारे घातलेल्या तांब्यानं तो स्वतः इस्त्री करायचा आणि माझ्या चुरगळलेल्या सदऱ्याकडे पाहून म्हणायचा, "चित्रकार दिसून राह्यला बाप्पा!" चालताना मान जरा पुढे काढायचा, जणू पुढच्या प्रश्नाचा वास घेतोय. त्याचा राग यावा इतका तो विषयाच्या मागे लागायचा. दुसऱ्या वर्षी तो लागला आफ्रिकेच्या मागे. तिकडचे देश एकामागून एक स्वतंत्र होत होते, वर्तमानपत्रात घाना, माली अशी नावं यायची. नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात आफ्रिका एका वाक्यात संपवलेली होती. गोरे लोक येईपर्यंत त्या खंडाला इतिहास नव्हता, असं ते वाक्य होतं. किसननं ते वर्गात वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाला, हे वाक्य मी शिकवणार नाही. मला संध्याकाळी सांगत होता, "ज्याले इतिहास नाई असा माणूस असते का बे? लिवणारा भेटला नसंन." रेल्वेतून रिटायर झालेल्या एका गार्डाकडे इंग्रजी पुस्तकांची पेटी होती. त्यात कव्हर फाटलेलं, वाळवीनं कडा खाल्लेलं एक जाड पुस्तक निघालं. पश्चिम आफ्रिकेच्या जुन्या राज्यांवरचं. गार्डानं ते फुकट दिलं आणि आमच्या खोलीची शांतता तिथं संपली.

जेवताना घाना, अंघोळीला माली, झोपेपर्यंत सोंघाई. मला वाळवंट म्हणजे काय हेही नीट ठाऊक नव्हतं, पण महिन्याभरात मी त्या मुलखात वाट चुकलो नसतो. उत्तरेकडून उंटांचे तांडे मीठ घेऊन यायचे. ते मीठ जिथून निघे त्या गावात झाड नाही की दगड नाही, म्हणून घरंसुद्धा मिठाच्याच लाद्यांची बांधलेली. दक्षिणेकडे सोनं होतं, पण मीठ नव्हतं. मीठ नसलं की त्या उन्हात माणूस टिकत नाही. या दोघांच्या मधोमध घानाचा राजा बसला होता. मिठाचं गाढव आत आलं की कर, बाहेर गेलं की दुप्पट कर, एवढ्यावर त्याचं साम्राज्य उभं राहिलं. मग घाना खचलं, माली आलं. मालीचा एक राजा हजला निघाला तो इतकं सोनं वाटत गेला की कैरोच्या बाजारात पुढची कितीतरी वर्षं सोन्याचा भावच चढला नाही. पोरांना हे लगेच समजलं. गाड्यांवर गाड्या कापूस आला की नांदुऱ्यात काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. टिंबक्टूच्या बाजारात सगळ्यात जास्त नफा पुस्तकांवर मिळायचा, हे ऐकून आमचे हेडमास्तर मात्र हसले. "इंगळे, तिथंच बदली मागा." हेडमास्तर माणूस वाईट नव्हते. भित्रे होते, माझ्यासारखेच.

नववीच्या मागच्या भिंतीवर नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. गेरू, चुना आणि निळीचं पाणी. वाळवंट मी पिवळ्या मातीनं भरलं, नदी निळीनं. चित्र म्हणून तो माझा सगळ्यात चांगला नकाशा, हे मी आजही कॉलर ताठ करून सांगेन. किसन शिकवायचा तेव्हा मी मोकळ्या तासाला मागे स्टुलावर उभा राहून रंग भरत असायचो. म्हणून तो तास मी ऐकला. त्या दिवशी तो मुक्या सौद्याबद्दल सांगत होता. मिठाचे व्यापारी नदीकाठी मिठाच्या राशी लावायचे, नगारा वाजवायचे आणि दिसेनासे होईपर्यंत मागे जायचे. मग सोनेवाले यायचे, प्रत्येक राशीजवळ सोनं ठेवायचे, तेही मागे जायचे. मीठवाल्यांना सोनं पुरेसं वाटलं तर उचलायचं, नाही तर तसंच ठेवून पुन्हा मागे सरायचं. कोणी कोणाशी बोलायचं नाही, कोणी कोणाचं तोंड पाहायचं नाही. पोरं म्हणाली, असं कुठं असतं का? किसन म्हणाला, "गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून बैलाचा सौदा होतो, तेव्हा कोणी बोलतं का?" पोरं हसली. मग त्यानं सांगितलं, की त्या राजांना खाणी कुठं आहेत ते जाणून घ्यायचं होतं, म्हणून एकदा सोनेवाल्यांपैकी एकाला धरून आणलं. त्यानं अन्न घेतलं नाही, तोंड उघडलं नाही, न बोलता मेला. पुढं तीन वर्षं नदीकाठी कोणी सोनं आणलं नाही.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एकानं विचारलं, "पण सर, त्यायले एकमेकाचं तोंड काऊन पाह्याचं नोतं?" मला वाटलं, पुस्तकातलं काही सांगेल. तो म्हणाला, "आमच्याही गावात असा सौदा होता. माझी आई पदरात ज्वारी घेऊन दुकानाशी जायची. ओट्याच्या खालच्या पायरीवर ज्वारी ओतायची आणि पाच हात मागं सरायची. दुकानातून पाणी शिंपडायचे, मग ज्वारी आत घ्यायचे. त्या जागी कागदात मीठ ठेवायचे, तेही मागं सरायचे. मग आई जाऊन मीठ उचलायची. फरक एवढाच, की आफ्रिकेत माल पटला नाही तर दोघांपैकी कोणीही तो तसाच ठेवून जाऊ शकत होता. माझ्या आईला तसं जाता येत नव्हतं." माझी पाठ वर्गाकडे होती. हातातला ब्रश नदीच्या वळणावर थांबला आणि निळीचा एक ओघळ वाळवंटात उतरला. त्या ओट्यावर पाणी शिंपडायचं काम कोणाकडे होतं ते मला माहीत होतं. आठ वर्षांच्या पोराला तेवढंच काम जमण्यासारखं होतं. मी ते करायचो. आईच्या मागे पदराला धरून किसन उभा असायचा आणि माझ्याकडे पाहायचा. मीही पाहायचो. खोलीत दीड-दोन वर्षं एका ताटात जेवलो होतो, पण त्याबद्दल आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. वर्गातही त्यानं माझं नाव घेतलं नाही, दुकानाचंही नाही.

तो पहिल्या बाकावरचा मुलगा आमच्या संस्थेच्या सेक्रेटरींचा नातू. शेठजींचं धान्याचं आणि किराण्याचं मोठं दुकान, शाळेचे पत्रे त्यांनीच घातलेले, शाळेवर त्यांचा जीव होता हे नाकारता यायचं नाही. नातवानं संध्याकाळी भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "आजोबा, आपल्या ओट्यावरबी असंच होतं का?" झालं. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना बोलावणं गेलं. किसनची दोन वर्षांची उमेदवारी एप्रिलमध्ये संपत होती. कायम करायचं की काढायचं, हे त्याच महिन्यात ठरणार होतं. शेठजींनी दोन वाक्यांत मार्ग काढून दिला. वर्गात सांगितलेला प्रकार खोटा होता असं इंगळे मास्तरांनी लिहून द्यावं, कायम व्हावं. नाही तर खोटं सांगून पोरांची मनं कलुषित केली म्हणून घरी जावं. शनिवारी अर्धा दिवस शाळा सुटल्यावर कार्यालयात बैठक ठरली. शुक्रवारी हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही त्यांच्याच गावचे ना? उद्या तुम्हालाही यायचं आहे."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं स्टेशनावर फिरायला गेलो. रोज जायचो, मालगाडीचे डबे मोजत बसायचो. त्या दिवशी गाडी आली, गेली, कोणी मोजली नाही. शेवटी मीच म्हणालो, "लिहून दे ना किसन. कागदावरचे दोन शब्द. पोरांना खरं कळलंच आहे."

"ते पोरं उद्या मोठे होतीन," तो म्हणाला. "मंग म्हंतीन, सरनंच लिवून देलं होतं का खोटं आहे म्हून."

"मग काय करशील?"

"म्या काय करीन ते ठरलं आहे. तुह्यं तू पाह्य." मग म्हणाला, "म्या दुकानाचं नाव घेनार नाई. तुले इचारतीन. खरं सांगशीन त आबाचं नाव निघंन. खोटं सांगशीन त माह्यी नोकरी जाईन. काय सांगाचं ते म्या नाई सांगत तुले."

त्यानं मला मोकळं सोडलं होतं, आणि तेच मला झेपलं नाही. त्यानं शपथ घातली असती, हात धरला असता, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी कार्यालयात शेठजी, हेडमास्तर, कमिटीचे आणखी दोघं आणि आम्ही. दारं उघडी होती तरी घाम निथळत होता. जवळच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजून थांबला. मग शेठजींनी अगदी शांतपणे सुरुवात केली. "इंगळे मास्तर, वर्गात सांगतलं ते खरं का?"

"खरं."

"कोन्तं दुकान?"

"नाव सांगणार नाही."

"काऊन?"

"नाव घेतलं की ती एका दुकानदाराची चूक होईल, शेठजी. ती एकाची नव्हती."

हेडमास्तर मध्ये पडले. "इंगळे, एवढंच लिहा की विद्यार्थ्यांना समजावं म्हणून तो दाखला कल्पनेनं रचला होता. मी मसुदा करून देतो. विषय मिटेल."

"सर, आफ्रिकेतलं कल्पनेतलं असेल, तिथं पाहायला मी नव्हतो," किसन म्हणाला. "हे मी पाहिलं आहे."

मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. एकट्या किसनचं नाही. तो समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. शेठजींनी विचारलं, "मास्तर, तुमचं गाव तेच ना? दुकानं किती होते गावात?" मी म्हणालो, दोन-तीन होती. एक होतं. "मंग हे असं चाले का तिथं?" मला आबा दिसले. ओट्यावर बसलेले, तपकिरीची डबी हातात. ते धाडच्या बाजारात निघालेत आणि लोक एकमेकांना खुणावताहेत, असं काहीतरी दिसलं. खरं तर काय दिसलं ते आता आठवत नाही. तोंड उघडलं तेव्हा शब्द तयार होते. "माझ्या पाहण्यात नाही." शेठजींनी ते लिहून घ्यायला सांगितलं. हेडमास्तरांनी लिहिलं, कागद माझ्यापुढे सरकवला. माझी सही नेहमी देखणी येते. त्या दिवशीही आली.

बाहेर किसन पायरीवर उभा होता. मी त्याला चुकवून जायच्या बेतात होतो. तोच म्हणाला, "चहा घेतं का बे?" स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात आम्ही समोरासमोर बसलो. माझा चहा निवत होता आणि मी बशीतल्या माशीकडे पाहत होतो. आता तो बोलेल, आता बोलेल, असं वाटून जीव टांगणीला लागला होता. त्यानं चहा संपवला, ओठ पुसले आणि विचारलं, "आबाची तब्येत कशी आहे?" बरी आहे म्हणालो. "हाव, जपा म्हना," तो म्हणाला, आणि उठला. त्याच आठवड्यात त्याला कागद मिळाला, वर्गात असत्य कथन केल्यामुळे सेवा समाप्त. त्याच्या सर्व्हिस बुकातही तेच शब्द चढले.

महिनाअखेरपर्यंत त्याला शिकवायची मुभा होती. मला वाटलं होतं, आता तो पुस्तकातलं एक वाक्य वाचून मोकळा होईल. त्यानं सोंघाईचा शेवट शिकवला. मी आत गेलो नाही, व्हरांड्यात खांबाआड उभा राहून ऐकलं. वाळवंट ओलांडून मोरोक्कोची फौज आली. माणसं थोडीच, पण हातात बंदुका. सोंघाईकडे भालेकरी हजारो, बंदूक एक नाही. त्यांनी गुरांचा मोठा कळप शत्रूच्या अंगावर सोडला. पोरं खुदखुदली, कारण बाजारात बिथरलेली गुरं सगळ्यांनी पाहिलेली. "बंदुकीचा बार झाला," किसन म्हणाला, "आणि गुरं उलट फिरली. आपल्याच माणसांना तुडवत गेली." हसू थांबलं. शहर पडलं, टिंबक्टूचे पंडित धरून नेले, पुस्तकं गेली. एकानं विचारलं, "मंग बंदुकवाल्यायले सोन्याच्या खाणी गावल्या का सर?" "नाही. त्या कुठं होत्या हे सांगणारं कोणी भेटलंच नाही." तोवर युरोपची जहाजं किनाऱ्याला लागली होती, व्यापार समुद्राकडे वळला आणि वाळवंटातली वाट ओस पडत गेली. "आपल्या धाडकडून लमाणांचे तांडे बैलांवर मीठ घेऊन जायचे. इथं नांदुऱ्याला रेल्वे आली आणि ती वाट मोडली. तसंच," तो म्हणाला. तास संपल्याची घंटा झाली. कोणी उठलं नाही.

त्याला सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदला जागा मिळाली. तिकडे तेव्हा इतिहास शिकवायला कोणी जायला तयार नव्हतं, म्हणून त्या हेडमास्तरांनी सर्व्हिस बुकाकडे काणाडोळा केला. त्यानं लग्न केलं, मुलगा झाला. दहा-अकरा वर्षं तो तिथं राहिला आणि दोन वेळा हेडमास्तरकीची जागा रिकामी झाली. दोन्ही वेळा ते पुस्तक उघडलं गेलं आणि मिटलं गेलं. मी दिवाळीनंतर एक चक्कर टाकायचो. वहिनी भाकरी आणि वांग्याचं भरीत करायच्या, किसन माझ्या सदऱ्याची टिंगल करायचा, मुलाला सांगायचा, "हे काका नकाशा काढतात, पण नदी वाळवंटात सांडतात." तो हसायचा आणि मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचो. यातलं किती हसण्यावारी होतं, किती मला बोचावं म्हणून... कधी कळलं नाही. बसमध्ये बसेपर्यंत माझे खांदे दुखायला लागलेले असायचे. यंदा सांगू, माफी मागू, असं दर वर्षी ठरवून जायचो. भरीत खाऊन परत यायचो. मित्र म्हणून माझी लायकी एवढीच होती, हे आता त्याला सांगून उपयोग नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. अंगणात त्याचा फोटो, समोर मेणबत्त्या, जुन्या विद्यार्थ्यांची गर्दी. जुना मित्र म्हणून मला बोलायला उभं केलं. मी तांब्याची इस्त्री सांगितली, घाना-मालीचं सांगितलं, लोक हसले, डोळे पुसले, मी खाली बसलो. निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, एक इचारू का? कागदपत्रं काढले पेन्शनीच्या कामासाठी. पोरानं वाचलं. रोज इचारते, बाबा काय खोटं बोलले होते म्हून. ह्यायनं मले त सांगतलं होतं, नांदुऱ्यात मन नाई रमलं. तुमी होते ना तवा तिथं?" पंधरा हातांवर मुलगा उभा होता, किसनसारखाच मान पुढे काढून. मी म्हणालो, "वहिनी, माझी बस चुकेल." बस सुटायला तासभर होता. स्टँडवर बसून राहिलो आणि तेव्हा मला समजलं, की किसननं स्वतःच्या बायकोपासूनसुद्धा माझं नाव राखलं होतं, आणि त्यासाठी मुलाच्या डोळ्यांत खोटा ठरायची तयारी ठेवली होती.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. धाडपर्यंत एस.टी., पुढे जीप. दुकान आता धाकटा भाऊ चालवतो. आबा ओट्यावर खाटेवर असतात, कानानं कमी. मी त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं. कमिटी, सही, किसनची नोकरी. आता हे सगळं पेपरात लिहिणार आहे हे सांगितलं, आणि तुमचं नाव निघू नये म्हणून गप्प बसलो, असंही. इतकी वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आलो होतो. आबांनी डबी उघडली, चिमूट घेतली, माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरोखरच काही कळत नव्हतं.

"मले इचारलं असतं त म्या सांगतलं असतं," ते म्हणाले. "तवा तसंच होतं. सारा गाव करे, म्याबी करो. त्यात लपवाचं काय होतं?"

मी खाटेच्या कडेला टेकलो.

"त्या पोराची नोकरी घालवली तू एवढ्यासाठी?" उठायला निघालो तर हात धरून म्हणाले, "पन मापात म्या कमी नाई देलं कधी तिले. लिवशीन त तेवढं लिव."

"लिहितो आबा," मी म्हणालो. "पण तिनं माप पाहिलंच कुठं होतं? ती तर पाच हात लांब उभी असायची."

आबांनी माझा हात सोडला. ते रस्त्याकडे पाहू लागले, मी जीप मिळेपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

तर वहिनी, आणि पंधरा हातांवर उभ्या असलेल्या त्याच्या मुला, त्या दिवशी फाटकात द्यायचं उत्तर इथं देतो. तुझे बाबा नांदुऱ्यात खोटं बोलले नाहीत. आमच्या गावात एकच दुकान होतं. ते माझ्या वडिलांचं. तुझी आजी पायरीवर ज्वारी ओतून मागे सरायची, तिच्या ज्वारीवर मी पाणी शिंपडायचो, मीठही मीच ठेवायचो, आणि तुझे बाबा ते पाहत उभे असायचे. कमिटीसमोर मी जे सांगितलं आणि सही केली, ते असत्य कथन होतं. ते शब्द ज्या पुस्तकात त्यांच्या नावापुढे आहेत तिथून काढून माझ्या नावापुढे लिहावेत, असा अर्ज मी या लेखाच्या नकलेसह शाळेच्या कार्यालयात दिला आहे. शेठजी अजून सेक्रेटरी आहेत. अर्ज घेताना क्लार्कनं दोनदा विचारलं, सर, नक्की का? हा लेख ज्यात छापून येणार आहे ती पेपरची पुरवणी रविवारी निघते. सोमवारी अकराला घंटा होते, आणि पहिला तास मला नववीवर आहे. मी जाणार आहे.